रोमन स्नानगृहं कशी बांधली? (जमिनीखालची भट्टी, पोकळ भिंती, काँक्रीटच्या कमानी)

विटकर

पँथिऑनच्या (रोममधलं मोठ्या घुमटाचं प्राचीन देऊळ) धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की रोमन लोक एवढे अवाढव्य घुमट आणि कमानी बांधायला शिकले कुठे. तिथे विषय भलतीकडे गेला, म्हणून हा वेगळा धागा. माझं मत असं की ते बरंचसं न्हाणीघरात शिकले. रोज वाफ आणि शेजारी जाळ असलेल्या खोलीवर लाकडी छप्पर टाकलं की ते कुजतं तरी नाहीतर पेटतं तरी. मग छत चुन्याविटांचं करणं भाग पडतं, आणि चुन्याविटांचं छत म्हणजे कमान किंवा घुमट.

खोल्यांचा क्रम बहुतेकांना माहीत असेल, तो पटकन उरकतो. कपडे उतरवायची खोली, मग कोमट टेपिडेरियम, मग कढत कॅल्डेरियम, आणि परत येताना थंडगार फ्रिजिडेरियम. जोडीला व्यायामाचं अंगण, पोहायचा तलाव, घाम काढायची कोरडी खोली. गावोगावी क्रम थोडाफार बदलतो.

खरी गंमत फरशीखाली आहे. हायपोकॉस्ट म्हणतात ते हेच. फरशी जमिनीवर टेकलेलीच नसते, विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असते. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने (इ.स.पू. पहिलं शतक) याचं मापासकट वर्णन केलंय. आठ इंची, म्हणजे साधारण २० सेंटीमीटरच्या चौकोनी विटा एकावर एक रचून दोन फूट उंचीचे खांब करायचे. सांधे चुन्याने नाही, केस घालून मळलेल्या मातीने भरायचे. खांबांच्या डोक्यावर दोन फुटी चौकोनी फरशीविटा, त्यावर गिलावा, त्यावर मोझेक.

माझा आवडता तपशील वेगळाच आहे. खालच्या तळाला भट्टीच्या दिशेने उतार द्यायचा, इतका की आत चेंडू टाकला तर तो थांबता कामा नये, घरंगळत भट्टीच्या तोंडाशी परत यायला हवा. उतार मोजायला लेव्हल नको की काही नको, एक चेंडू पुरे. व्हिट्रुव्हियसचं म्हणणं असं की त्यामुळे जाळ आत सगळीकडे सहज पसरतो.

भिंती आणि काँक्रीटवर पुढच्या प्रतिसादात लिहितो. तोवर प्रश्न येऊ द्या.

---

अनामिका_ठाणे

मस्त विषय! वाचनखूण साठवली आहे.

दोन बाळबोध प्रश्न. खाली लाकडं जळणार तर धूर खोलीत येत नसेल का? आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय कसे ठेवत असतील?

---

बॉयलरवाला

साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे राहवत नाही.

धूर खोलीत येणार नाही, फक्त त्याला वर जायला वाट पाहिजे. भट्टी भिंतीपलीकडे, जाळ फरशीखाली, आणि शेवटी भिंतीतून वर छपरापर्यंत नळ. गरम हवा हलकी, ती वर ओढली जाते आणि मागून भट्टीच्या तोंडातून ताजी हवा आत येते. ड्राफ्ट म्हणतो आम्ही. पंखा नको, ब्लोअर नको. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीतून धूर वर जातो आणि पाणी भोवतीने तापतं, तेच तत्त्व. फक्त इथे माणूस बंबाच्या आत बसलाय.

पण अशा भट्टीचा खरा त्रास वेगळा. एवढी जाड फरशी आणि भिंती थंडगार अवस्थेतून तापवायच्या तर तासांचं काम नाही, दिवस लागतात. एकदा तापली की मग थोड्या लाकडावर धग टिकते. म्हणून माझा अंदाज, हे लोक भट्टी विझू देत नसणार. बॉयलर रोज थंड करून रोज पेटवला तर इंधन तर जातंच, शिवाय विटाही तडकतात.

विटकर साहेब, खांबांचे सांधे मातीचे का, याचं उत्तरही यातच आहे. चुना सततच्या धगीत भुगा होतो, माती भाजून निघते.

---

विटकर

बॉयलरवाला काका, सांध्यांचं कारण अगदी पटलं. भट्टी चालू ठेवण्याबद्दलही अभ्यासक तुमच्यासारखंच म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तुर्कस्तानात सार्डिसच्या अवशेषांजवळ एका टीव्ही कार्यक्रमासाठी छोटं रोमन स्नानगृह जुन्या पद्धतीने खरोखर बांधून चालवून पाहिलं होतं.

अनामिका, पायांसाठी लाकडी तळाच्या सपाता घालत. वरची फरशी एखादी लादी एवढी पातळ नसते. फरशीविटा, त्यावर चुना आणि विटांच्या चुऱ्याचा जाड थर, मग मोझेक, असं मिळून फूटभर किंवा जास्तच जाडी भरते. जाळ थेट पायाखाली असला तरी वर पोहोचते ती मुरलेली धग.

आता भिंती. सुरुवातीला चार कोपऱ्यांवर बोंडं असलेल्या सपाट कौलांनी भिंतीला अस्तर लावत. बोंडांमुळे कौल आणि भिंत यांच्यात बोटभर पोकळी राहायची, फरशीखालची गरम हवा तिच्यातून वर चढायची. पाँपेईच्या स्टेबियन स्नानगृहात ही कौलं बघायला मिळतात. पुढे चौकोनी पोकळ नळ्या आल्या, ट्युब्युली नावाच्या. मातीच्या भाजलेल्या, दोन्ही तोंडं उघडी, बाजूला भोकं. एकावर एक रचून लोखंडी आकड्यांनी भिंतीत अडकवायच्या आणि वरून गिलावा करायचा, की बघणाऱ्याला भिंत सपाट दिसते. अंगाला ऊब मिळते हा एक फायदा. दुसरा असा की तापलेल्या भिंतीवर वाफ धरत नाही, भिंती ओघळत नाहीत.

पाणी तापवायची सोयही व्हिट्रुव्हियसने लिहिली आहे. भट्टीवर तांब्याकाशाची तीन भांडी, गरम, कोमट आणि थंड. गरममधून जेवढं पाणी गेलं तेवढं कोमटमधून येतं, कोमटमध्ये थंडमधून. म्हणजे कढत पाण्यात एकदम गार पाणी पडून सगळं विझवायची वेळ येत नाही.

---

बॉयलरवाला

तीन भांड्यांची ही युक्ती म्हणजे फीडवॉटर हीटर! बॉयलरला गार पाणी कधी पाजू नये हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

---

खडूस_काका

रोमन, रोमन काय लावलंय. मोहेंजोदारोचं महास्नानगृह याच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीचं आहे. पण आपल्या लोकांना पाश्चात्त्यांचंच कौतुक.

---

इतिहासवेडी

काका, मोहेंजोदारोचं कौतुक आहेच की. साधारण १२ बाय ७ मीटरचा, २.४ मीटर खोल विटांचा हौद, सांधे इतके घट्ट की पातंसुद्धा जाऊ नये, आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर. पण तो एक हौद आहे. तापवायची सोय त्यात नाही आणि वर कमानी पेलायचा प्रश्नही नाही. धाग्याचा विषय तोच आहे. हडप्पावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते.

विटकर, रोमन हौदांना डांबर वापरत का?

---

विटकर

नाही, तिथे सुरखी. म्हणजे विटा, कौलं, फुटकी मडकी कुटून चुन्यात मिसळायची. भाजलेल्या मातीची पूड चुन्याशी संयोग पावते आणि तो गिलावा पाण्यात टिकतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या, हौदांच्या, पुलांच्या चुनाकामात तीच सुरखी आहे, त्यामुळे ज्यांनी जुनं बांधकाम पाडताना पाहिलंय त्यांना तो गुलाबी चुना ओळखू येईल. रोमन हौदांच्या तळाशी आणि पाण्याच्या पाटांत हाच गुलाबी थर दिसतो.

---

ब्रिस्टलची_सई

आमच्या घरापासून इंग्लंडमधलं बाथ हे गाव जवळ असल्यामुळे भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे न्यावं लागतं. तिथलं थोडं लिहिते, कारण ते जरा वेगळं प्रकरण आहे.

तिथे निसर्गानेच पाणी तापवून दिलंय. साधारण ४६ अंशांचा झरा, दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर. रोमन इंजिनिअरांपुढे प्रश्न होता तो झऱ्याभोवतीच्या दलदलीचा. त्यांनी ओकचे खुंट चिखलात ठोकून जमीन आवळली, भोवती दगडी हौद बांधला आणि त्याला शिशाचं अस्तर दिलं. मोठ्या तलावाच्या तळाला शिशाचे ४५ पत्रे आहेत, आणि ते अजून जागेवर आहेत! शिसं जवळच्या मेंडिप टेकड्यांतलं. झऱ्याचं जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथली विटांची कमान नक्की बघा. आतून वाफ येत असते आणि दगडावर लोहाचा नारिंगी थर चढलेला असतो.

तलावाच्या कडेला पडलेल्या छताचा एक तुकडा ठेवलाय, पाहुणे त्याच्याकडे न बघता पुढे जातात. आधी लाकडी छप्पर होतं, मग पक्की कमान घातली, ती वजनाला हलकी व्हावी म्हणून पोकळ चौकोनी नळ्यांची. विटकरांनी भिंतीत सांगितल्या त्याच जातीच्या नळ्या, इथे छतात. तुकड्याच्या कडेने बघितलं की नळ्यांची तोंडं ओळीने दिसतात.

आणि एक, तलावाभोवतीचे उंच खांब आणि वरच्या गच्चीवरचे पुतळे बघून लोक भारावतात, पण खांबांची बुडं सोडली तर वरचं सगळं एकोणिसाव्या शतकातलं आहे. पाणी हिरवं दिसतं तेही छप्पर गेल्यामुळे. ऊन लागलं की शेवाळ धरतं.

---

अनामिका_ठाणे

सईताई, फोटो टाका ना त्या तुकड्याचा. आणि त्या पाण्यात उतरता येतं का?

---

ब्रिस्टलची_सई

उतरता येत नाही. पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने १९७८ साली एका मुलीचा मृत्यू झाल्यावर बंदच झालं. गावात त्याच गरम पाण्याचा आधुनिक स्पा आहे, तिथे जा. फोटो शोधून टाकते.

---

विटकर

सईताईंच्या तुकड्यावरून आता छताकडे वळू. हलकं छत ही सगळ्या रोमची डोकेदुखी होती आणि इटलीत तिचं उत्तर ज्वालामुखीने दिलं.

नेपल्सजवळ पोझ्झुओली गावाच्या परिसरातली राख चुन्यात मिसळली की तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो. पोझ्झोलाना हे नाव त्या गावावरूनच. तिथून पाऊण तासाच्या आतच बाया आहे, श्रीमंत रोमनांचं गरम झऱ्यांचं गाव. तिथे 'बुधाचं देऊळ' म्हणून दाखवतात तो प्रत्यक्षात स्नानगृहाचा घुमट आहे, व्यास सुमारे २१.५ मीटर, माथ्याला उजेडासाठी गोल भोक. पँथिऑनचा हल्लीचा घुमट ४३ मीटरचा, पण तो शंभराहून जास्त वर्षांनी नंतरचा. आज बायाच्या घुमटात अर्ध्यापर्यंत भराव आणि पाणी साचलंय.

आता रोममधलं कॅराकल्ला बादशहाचं स्नानगृह घेऊ, कारण सगळ्या युक्त्या एका जागी तिथे सापडतात. इ.स. २११-१२ च्या सुमारास काम सुरू, २१६ मध्ये उद्घाटन. मधली इमारतच सुमारे २१४ बाय ११० मीटर, भोवती बागा, ग्रंथालयाच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या. पाण्यासाठी ॲक्वा मार्चिया या जुन्या पाटाला नवी शाखा काढली. कॅल्डेरियम गोल, घुमटाचा व्यास सुमारे ३५ मीटर.

भिंत चिरली तर आत काय दिसेल? बाहेरून विटा, पण त्या चौकोनी नाहीत. चौकोनी वीट कर्णावर तोडून केलेले त्रिकोण. लांब बाजू बाहेर, टोक आत, म्हणजे आतल्या काँक्रीटला पकड मिळते. आतलं काँक्रीट ओतलेलं नाही, रचलेलं आहे. चुन्याचा थर द्यायचा, त्यात मुठीएवढे दगड आणि विटांचे तुकडे हाताने बसवायचे, ठोकायचे, परत चुना. ठरावीक उंचीवर दोन फुटी फरशीविटांचा आडवा पट्टा भिंतीच्या आरपार. तो पट्टा नक्की कशासाठी यावर अभ्यासकांत मतं वेगळी आहेत. मला साधं कारण पटतं, गवंड्यांना त्या दिवसाचं काम एका पातळीत आणून दुसऱ्या दिवशी पुढे जायला सोपं. परांचीच्या बल्ल्या खोचायची भोकं अजून भिंतींत उघडी आहेत.

वर जाताना दगड बदलतो. खाली जड, छतात टफ (ज्वालामुखीच्या राखेचा हलका दगड) आणि पाण्यावर तरंगणारा प्यूमिस.

---

लोड_पाथ

स्ट्रक्चरलवाला असल्यामुळे थोडी भर घालतो. यातलं 'काँक्रीट' ऐकून आरसीसी डोळ्यासमोर आणू नका. आत सळई नाही. म्हणजे ताण घ्यायची ताकद जवळपास शून्य, सगळं काम दाबावर.

कॅराकल्लाचा फ्रिजिडेरियम हा मधला मोठा हॉल. त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानींचे तीन गाळे. अशा छेद-कमानीचा फायदा असा की वजन सगळ्या भिंतीवर पसरत नाही, कोपऱ्यांत उतरतं. तीन गाळे म्हणजे आठ टेके. मधल्या भिंती मोकळ्या झाल्या, तिथे वरती मोठाल्या खिडक्या काढता आल्या. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये उजेड आला तो त्यामुळे.

पण कमान नुसती खाली दाबत नाही, बाहेरही ढकलते. मग त्या आठ टेक्यांच्या मागे बाजूच्या खोल्यांच्या आडव्या भिंती अशा ठेवल्या की त्याच टेकू झाल्या. प्लॅन बघताना लोकांना खोल्यांची सममिती दिसते, मला त्यात बट्रेस दिसतात. खर्च एकदाच, खोलीही मिळाली आणि आधारही.

पुढ्यात उभे केलेले ग्रॅनाइटचे अखंड खांब मात्र बरेचसे देखाव्याचे. भार मागच्या भिंतीवर. तिथला एक खांब सोळाव्या शतकात पोपने फ्लॉरेन्सच्या मेदिचींना भेट दिला, तो सांता त्रिनिता चौकात उभा आहे.

---

खडूस_काका

हे सगळं ठीक. पण त्या भट्टीत लाकडं कोण घालत होतं तेही लिहा. वरती शेठ लोक घाम काढतायत आणि खाली गुलाम धुरात. संगमरवराचे फोटो सगळे टाकतात.

---

इतिहासवेडी

काका, या वेळी शंभर टक्के सहमत. कॅराकल्लाच्या खाली बोगद्यांचं अख्खं जाळं आहे. लाकडाची साठवण, ने-आण, भट्ट्या सगळं तिथे. वरच्या पाहुण्याला खालचा माणूस दिसूच नये अशी रचना. त्याच तळघरांत मिथ्र देवाचं मोठं मंदिरही सापडलं.

रोजचा कारभार कसा चाले याचा एक दुर्मीळ पुरावा पोर्तुगालात आल्युस्त्रेलच्या खाणीत सापडला. तिथल्या खाणवस्तीतल्या स्नानगृहाचा ठेका काशाच्या पाटीवर कोरलाय, हेड्रियन बादशहाच्या काळातला. बायकांची वेळ सूर्योदयापासून दुपारी सातव्या तासापर्यंत (त्यांचे दिवसाचे बारा तास), पुढे रात्रीपर्यंत पुरुषांची. पुरुषांना अर्धा आस (रोमन नाणं), बायकांना पूर्ण एक आस! ठेकेदाराने दर तीस दिवसांनी तापवायची भांडी घासून ताजी चरबी लावायची. आणि सर्वात आवडलेली अट, त्याने जळाऊ लाकूड बाहेर विकायचं नाही. भट्टीत न चालणारी फांद्यांची छाटण तेवढी विकायची मुभा, नाहीतर दंड. म्हणजे सरकारी लाकूड परस्पर विकायची वहिवाट तेव्हाही असणार, त्याशिवाय असं कलम कोण घालेल.

---

बॉयलरवाला

चरबी लावायची अट वाचून त्या कलम लिहिणाऱ्याला नमस्कार. भांड्याला गंज आणि हिरवट कीट धरू नये म्हणून. देखभालीचं वेळापत्रक करारातच घातलंय. हल्लीच्या टेंडरांत शोधून सापडणार नाही.

---

निशाचर

थोडं अवांतर. सेनेका हा तत्त्वज्ञ काही काळ एका स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहिला होता आणि आवाजाला वैतागून त्याने पत्र लिहिलंय. वजनं उचलणाऱ्यांचे हुंकार, मालिशवाल्याच्या थापा, पाण्यात धप्पकन उड्या, काखेतले केस उपटणाऱ्याचं ओरडून गिऱ्हाईक बोलावणं, आणि सॉसेज विकणारे. सोसायटीच्या क्लबहाऊसवर फ्लॅट घेतलेल्यांनी नक्की वाचावं.

अजून एक प्रश्न. एवढ्या मोठ्या खिडक्यांतून उष्णता बाहेर जात नसेल?

---

विटकर

खिडक्यांचं उत्तर सेनेकाच्याच दुसऱ्या पत्रात आहे. तो जुन्या सेनापती सिपिओच्या वाड्यातली न्हाणी बघायला गेला. अंधारी, खिडक्या म्हणजे तटाला ठेवतात तशा फटी. आणि म्हणतो, आता लोकांना दिवसभर ऊन येणाऱ्या रुंद खिडक्या नसतील तर न्हाणी कोंदट वाटते. हा बदल काचेमुळे झाला. पहिल्या शतकात तावदानाची काच मिळू लागली आणि कढत खोल्यांना मोठ्या खिडक्या परवडू लागल्या.

दिशाही तशीच. व्हिट्रुव्हियस सांगतो, कढत खोल्यांचं तोंड हिवाळ्यातल्या मावळतीकडे, म्हणजे नैर्ऋत्येला हवं, कारण आंघोळीची मुख्य वेळ दुपारनंतरची. ट्राजनचं स्नानगृह (इ.स. १०९) त्याच दिशेला वळवलेलं आहे. कॅराकल्लाचं कॅल्डेरियमही मूळ इमारतीच्या बाहेर पुढे काढलंय, जेणेकरून ऊन जास्तीत जास्त बाजूंनी मिळावं.

पाँपेईच्या फोरमजवळच्या स्नानगृहात छताचा एक साधा उपाय बघण्यासारखा आहे. कॅल्डेरियमच्या कमानीला आतून गिलाव्याच्या आडव्या खोबणी काढल्यात. वाफेचं पाणी धरलं की ते खोबणीतून भिंतीकडे उतरतं, न्हाणाऱ्याच्या डोक्यावर ठिबकत नाही.

---

दख्खनी_मुशाफिर

दौलताबाद आणि बुऱ्हाणपूरला शाही हमाम बघितल्यापासून एक शंका आहे. त्याचा यांच्याशी काही संबंध?

---

इतिहासवेडी

दूरचा, पण खरा. रोमन परंपरा पूर्वेला बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) मुलखात चालू राहिली, तिथून उमय्या खलिफांनी उचलली. जॉर्डनच्या वाळवंटातलं कुसेर अम्रा हे आठव्या शतकातलं त्यांचं स्नानगृह बघा, फरशीखाली चक्क हायपोकॉस्ट. पुढे तुर्की आणि इराणी हमाम, आणि त्यांच्याबरोबर ती चाल हिंदुस्थानात आली. वाटेत पोहायचे मोठे तलाव आणि व्यायामाची अंगणं गळाली, कारण हमामात वाहत्या पाण्याने अंग धुण्यावर भर. कढत, कोमट, थंड हा क्रम आणि वरच्या घुमटातला उजेड मात्र टिकला.

---

अनामिका_ठाणे

पुढच्या वर्षी रोमला जायचा बेत आहे. अवशेष नको, छतासकट उभं असलेलं काही बघायला मिळेल का?

---

विटकर

मिळेल, आणि तुमची गाडी जिथे थांबेल त्या तेर्मिनी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. डायोक्लेशनचं स्नानगृह, इ.स. २९८ ते ३०६, रोममधलं सर्वात मोठं. त्याच्या फ्रिजिडेरियमचं १५६० च्या दशकात मायकेलएंजेलोने चर्च केलं, सांता मारिया देल्यी आंजेली. लोड_पाथ यांनी सांगितलेली छेद-कमान अख्खी डोक्यावर दिसते, आणि ग्रॅनाइटचे आठ अखंड रोमन खांब जागेवर आहेत. जमीन जवळपास दोन मीटरने उचलल्यामुळे खांब मूळच्यापेक्षा बुटके वाटतात, तेवढं मनात धरा. दारासमोरचा अर्धगोल चौक म्हणजे आवाराच्या जुन्या अर्धवर्तुळाची रेघ.

कॅराकल्लाला मात्र छत नाही. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी वेढा घालून पाणीपुरवठा तोडला आणि तिथली न्हाणी बंद पडली, मग पुढे सगळे येऊन दगड नेत राहिले. तरी सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते.

---

लोड_पाथ

त्या चर्चमध्ये गेलात तर जमिनीवरची पितळी रेघ चुकवू नका. १७०२ मध्ये फ्रान्चेस्को बियांकिनी या खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या सांगण्यावरून ती बसवली. भिंतीत उंचावर बारीक भोक, त्यातून पडणारा सूर्याचा ठिपका दुपारी बरोबर रेघेवर येतो. अशा यंत्राला इमारत सूतभर जरी खचली तरी मोजमाप बिघडतं. बियांकिनीने हीच जागा निवडायचं एक कारण असं होतं की या भिंतींना उभं राहून चौदाशे वर्षं झाली होती, खचायचं तेवढं खचून झालं होतं. नव्या चर्चच्या पायाचा त्याला भरवसा नव्हता.

---

बॉयलरवाला

रेघ किती लांब आहे? आणि ढग असले की काय करायचे?

---

लोड_पाथ

सुमारे ४५ मीटर. ढग असले तर दुसऱ्या दिवशी या.